पियानो मार्गी लावला

आपला मूर्खपणा माणसाने स्वतःच सांगून टाकावा, या मताचा मी आता झालो आहे. आपण नाही सांगितला तर बायको सांगते, आणि तिच्या तोंडी तो जास्त रंगतो. तेव्हा चहा घ्या, खारी घ्या, आणि त्या पियानोचं नक्की काय झालं ते माझ्याकडूनच ऐका.

आधी मी कोण ते सांगतो. मी बोराडे. सगळी नोकरी ओझरला विमानांच्या कारखान्यात झाली, इन्स्पेक्शनला. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम बॅटरी मारून बघायचं आणि मान हलवायची. आडवी हलवली की काम परत, उभी हलवली की काम पुढे. रिटायर झालो तरी मानेची सवय गेली नाही. भाजीवाल्याची भेंडीसुद्धा मी पास-नापास करतो. शर्टाच्या खिशात छोटी बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर अजून असतो. नीलिमा, म्हणजे आमची मंडळी, म्हणते की हे मंगळसूत्रासारखं झालंय, काढलं तर अपशकुन.

आमचं घर इंदिरानगरला, रो हाउस. मुलगा अमित, सून आणि नात रेवा आमच्याबरोबरच राहतात. रेवा तेव्हा चौथीत होती. कॉलेज रोडला अपर्णा मॅडमकडे ती कीबोर्ड शिकायला जायची, आणि तिला स्कूटरवरून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं.

एकदा क्लासमधल्या कीबोर्डचा स्टँड मोडला. तो मी तिथल्या तिथे बसवून दिला. मग एका कीबोर्डची पट्टी अडकली होती. ती उघडली तर आत खोडरबराचा तुकडा. तोही काढला. झालं, मॅडमचं मत पक्कं झालं की बोराडे काकांच्या हातात गुण आहे. माझं तर आधीपासूनच तसं मत होतं.

एके दिवशी क्लास सुटल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "काका, शरणपूरला माझ्या ओळखीच्या साळवेबाई आहेत. रिटायर्ड शिक्षिका. त्यांच्या घरी जुना पियानो कधीचा पडून आहे. त्यांना तो मार्गी लावायचाय. एका लहान मुलीच्या हाती चांगलं वाद्य येईल. तुम्ही जाऊन बघता का?"

आता मला सांगा, आपण मुलीचं लग्न मार्गी लावलं म्हणतो तेव्हा काय करतो? तिला चांगल्या घरी देतो. मग पियानो मार्गी लावायचा म्हणजे काय करायचं? आणि लहान मुलगी म्हणजे कोण? माझ्यासमोर एकच लहान मुलगी उभी होती आणि ती कुल्फी मागत होती.

मी म्हणालो, "उद्याच जातो."

साळवेबाईंचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. बैठं, कौलारू, पुढे लाल कोबा केलेला व्हरांडा आणि कुंड्यांत शेवंती. बाई सत्तरीच्या पुढच्या, पण पाठ अशी ताठ की मी आपोआप पोट आत घेतलं. आवाज अजून वर्गातला. मी चप्पल काढताना त्यांनी ती नीट लावली का ते पाहिलं.

पियानो बाहेरच्या खोलीत भिंतीला लावून उभा होता. काळपट लाकूड, पुढे मेणबत्त्या ठेवायच्या दोन पितळी दांड्या, वर विणलेलं रुमालवजा कापड आणि घरातल्या माणसांचे फोटो. "माझ्या आईचा आहे," म्हणत बाईंनी फोटो बाजूला केले आणि मी झाकण उघडलं. पट्ट्या पिवळ्या पडलेल्या. काही दाबल्या की वर यायलाच तयार नव्हत्या, आणि काही यायच्या त्या शाळेसाठी उठवलेल्या पोरांसारख्या, कुरकुरत.

मी खिशातून बॅटरी काढली. खालची फळी उघडून जमिनीवर आडवा झालो आणि आत डोकं घातलं. आत तारा, लाकडी हातोड्या, हातोड्यांना लावलेला लोकरीचा जाड थर, म्हणजे नमदा, तोही कसरीने खाल्लेला, आणि उंदराने केलेलं एक नेटकं घरटं. मी बराच वेळ तिथे पडून होतो. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण विमानातलंही सुरुवातीला कळत नव्हतं.

"काही होईल का हो याचं?" बाईंनी वरून विचारलं.

"होणार कसं नाही? असं वाद्य पडू देणं म्हणजे पाप आहे."

"मुलगी फार मागे लागलीय."

मॅडमनी बाईंना रेवाबद्दल सगळं सांगितलेलं दिसत होतं. मी आतूनच म्हणालो, "मुलगी हुशार आहे. बोटंही लांब आहेत."

"मॅडम बोलल्या वाटतं तुमच्याशी." बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. "आणि वेळ किती लागेल?"

"वर्ष तरी धरा. घाई करून हे होत नाही. रोज थोडं थोडं. मी स्वतः रोज समोर बसणार."

"रोज?"

"रोज. खंड पडला की संपलं."

मी रेवाच्या रियाजाबद्दल बोलत होतो. बाई दुरुस्तीबद्दल विचारत होत्या. पण हे मला तेव्हा कोण सांगणार?

"इथेच करणार की घेऊन जाणार?"

"नेतो ना. तुम्हाला इथे कशाला रोजचा त्रास."

"तेही खरंच. आवाज होत असेल."

"सुरुवातीला होणारच. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवतो."

मी बाहेर आलो, केसांतली जळमटं झटकली. बाई म्हणाल्या, "बरं, घ्याल काय?"

"चहा चालेल. साखर कमी."

"चहा देतेच हो. याचे काय घ्याल ते विचारतेय."

आता मी चक्रावलो. पियानो ही बाई देणार, आणि वर मलाच विचारणार की नेण्याचे काय घ्याल. मी हात जोडले. म्हणालो, "बाई, तुमच्याकडून मी घ्यायचं? उलट मीच द्यायला पाहिजे. हे आमचं भाग्य समजतो."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "अशी माणसं अजून आहेत म्हणायची," त्या म्हणाल्या.

पियानो फुकट देणारी बाई वर मलाच चांगला म्हणतेय, केवढा हा विनय. मी घरी येईपर्यंत त्याच विचारात होतो. घरी नीलिमाने एवढंच विचारलं, "असं कोणी फुकट देतं का?"

"जग तुझ्या भिशीएवढं नसतं," मी म्हणालो. हे वाक्य ती अजून विसरलेली नाही.

पियानो आणायला माझा धाकटा भाऊ दत्तू आला. दत्तूची मखमलाबादला शेती. गुलाब आणि भाजीपाला करतो, रोज पिकअप घेऊन मार्केटला जातो. टोमॅटोचे कॅरेट चढवणारी त्याची माणसंही सोबत होती. पियानो उचलताना दत्तूचा चेहरा लाल झाला.

"दादा, हे लय जड हाय. आत कोण बसलंय का?"

"लोखंडी चौकट आहे आत."

"आन हे वाजवणार कोण? रेवा? तिच्यापरीस ह्याचा पाय मोठा हाय."

आमच्या दाराची जाळी काढावी लागली, मग सोफा बाहेर काढावा लागला, मग टीव्ही आतल्या खोलीत गेला. संध्याकाळी पियानो हॉलमध्ये उभा राहिला आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो. रेवाने एक पट्टी दाबली. आतून खर्र असा आवाज आला आणि पट्टी खालीच राहिली.

इथून खरा प्रश्न सुरू झाला. हा नीट करायचा की नाही?

अमितचं मत स्पष्ट होतं. "बाबा, यात उंदीर राहून गेलेत. नवा डिजिटल घेऊ. छोटा असतो, ट्यूनिंग लागत नाही, हेडफोन लावता येतो."

"हेडफोन लावून शिकलेली कला कानातच राहते," मी म्हणालो. याचा अर्थ काय ते मला अजून माहीत नाही, पण तेव्हा सगळे गप्प बसले.

नीलिमा गप्प बसली नाही. "आणि केरळ?"

तिचं असं होतं की तिने लग्नापासून एकच ट्रिप मागितली होती, ती केरळची. बॅकवॉटरमध्ये होडीत बसून तिला कैरी खायची होती. आम्ही त्यासाठी बाजूला पैसे ठेवले होते आणि त्या वर्षी नक्की जायचं ठरलं होतं.

"केरळ कुठे पळून जातंय?" मी म्हणालो.

"पियानोही कुठे पळत नाहीये. उचलताना बघितलं मी."

मी अपर्णा मॅडमचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, "काका, एक लक्षात ठेवा. बेसूर पियानोवर लहान मुलगी शिकली तर तिचा कान कायमचा बिघडतो. करायचा तर पूर्ण नीट करा, नाही तर हातच लावू नका. आणि तुम्ही एवढं मनावर घेतलंय, मला खरंच कौतुक वाटतं."

पोरीचं आपण करणार नाही तर कोण करणार? कौतुक कसलं? असं मी म्हणालोसुद्धा. मॅडम म्हणाल्या, "सगळेच आजोबा असा विचार करत नाहीत." वाक्य बरोबर होतं, फक्त त्यांचे आजोबा वेगळे आणि माझे वेगळे. त्यांना वाटत होतं, मी स्वतः आजोबा असल्यामुळे परक्या पोरीसाठी राबतोय.

शेवटी मुंबईहून एका पियानोवाल्याला बोलावलं. यासीनभाई नाव. उंच, वाळलेला, कायम दुःखी चेहऱ्याचा माणूस. त्यांनी पियानो उघडला आणि मान हलवायला सुरुवात केली. आडवी. नमदा बघून आडवी, हातोड्या बघून आडवी, उंदराचं घरटं बघून तर फारच आडवी. मी आयुष्यभर लोकांच्या पोटात गोळा कसा आणत असेन ते त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या एकेक पिळून पाहिल्या. खुंट्या ज्या लाकडात ठोकलेल्या असतात ते लाकूड कुजलं असेल तर ताण टिकत नाही, मग कितीही खर्च करा, आठवड्यात पियानो बेसूर. यासीनभाईंनी कान लावला, ठोकून पाहिलं, पुन्हा पिळलं.

"लकड़ी ज़िंदा है," ते म्हणाले. अगदी वाईट बातमी सांगावी तसं.

"म्हणजे होईल?"

"होगा. लेकिन सोच लो साहब. जितने में ये होगा, उतने में नया इलेक्ट्रॉनिक आ जाएगा, और बचेगा भी. किसके लिए करना है?"

"छोटी लडकी के लिए."

"तो सोचना क्या है," असं म्हणतील वाटलं होतं. पण ते म्हणाले, "तो और सोच लो. बच्चे छोड़ देते हैं."

रात्री जेवताना मी घरातल्यांचं मत घेतलं. अमित नको म्हणाला. सून म्हणाली, बाबांना वाटतंय तर करू दे, पण टीव्ही कुठे ठेवायचा? नीलिमा ताटं गोळा करायला लागली. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि करायचं ठरवलं. आमच्या घरी लोकशाही अशीच चालते.

केरळ गेलं.

पुढचे काही महिने यासीनभाई येत-जात राहिले. हातोड्या मुंबईला जाऊन नवा नमदा लावून परत आल्या. तारा बदलल्या. मधल्या काळात लाकडाचं काम मी अंगावर घेतलं. सॅन्डपेपर, पॉलिश, पितळी दांड्या चिंचेने घासणं. सकाळी चालायला जाणं बंद झालं, कट्ट्यावरचे मित्र घरी येऊन बघून जायला लागले. प्रत्येकाला मी हातोडी तारेवर कशी पडते ते दाखवायचो. घरात सगळीकडे पॉलिशचा वास. नीलिमाने पोळ्यांनासुद्धा तो लागला म्हणून सांगितलं. मला लागला नाही.

साळवेबाईंचा अधूनमधून फोन यायचा. आता ऐका, हे फोन मी कसे ऐकले ते.

"बोराडे, काम कुठवर आलं?"

"उत्तम चाललंय बाई. हातोड्या बसल्या."

"मुलगी खूश होईल ना?"

"होईल काय, आतापासून उड्या मारतेय."

"हो ना, माझ्यासमोरच मारतेय बघा."

मी फोन ठेवून नीलिमाला म्हणालो, "बाईंची कल्पनाशक्ती जबरदस्त आहे. इथली रेवा त्यांना तिथे दिसते."

नीलिमा म्हणाली, "त्यांना एकदा घरी बोलवा. मला बघायच्याच आहेत या बाई."

मलाही ते पटलं. पियानो पुरा झाला की छोटासा कार्यक्रम करायचा, बाईंना पाहुण्या म्हणून बोलवायचं, त्यांच्यासमोर रेवाने वाजवायचं. मी फोन केला तर बाई म्हणाल्या, "कार्यक्रम कशाला हो, आम्ही येऊन गेलो असतो." पुन्हा विनय. मी म्हणालो, "नाही नाही, तुमच्या हातूनच व्हायला पाहिजे." बाई म्हणाल्या, "बरं, मग त्याच दिवशी सगळं आटपू." काय आटपायचं ते मला कळलं नाही, पण कार्यक्रमाला होकार आला ना? बस्स.

आणि मग मी तो शेवटचा शहाणपणा केला. भांडीबाजारात जाऊन एक पितळी पट्टी करून घेतली. त्यावर नाव घालून घेतलं, जसं आपण लग्नातल्या भांड्यांवर घालतो तसं. पट्ट्यांच्या वर बरोबर मध्यभागी चार स्क्रू मारून ती बसवली. माझ्याच स्क्रू ड्रायव्हरने.

रविवारी सकाळी कार्यक्रम. शेजारीपाजारी आले, कट्ट्यावरचे मित्र आले, दत्तू गुलाबाची टोपली घेऊन सहकुटुंब आला. अपर्णा मॅडम आल्या. पियानोवर कुंकवाचं स्वस्तिक, पितळी पट्टीवर लोंबणारा हार, पुढे नारळ. पेढ्यांचे बॉक्स टेबलावर.

साळवेबाई वेळेवर आल्या. निळी साडी, केसात काही नाही, पण हातात केक. त्यांच्याबरोबर रेवाएवढीच एक मुलगी होती, दोन वेण्या, पांढरा फ्रॉक. "ही एस्तेर, माझ्या मुलीची मुलगी. माझ्याकडेच असते," बाईंनी सांगितलं. मला वाटलं, सोबतीला आणलीय.

बाईंनी पियानो पाहिला आणि त्या जागीच थांबल्या. जवळ जाऊन लाकडावरून हात फिरवला. हाराकडे बघून म्हणाल्या, "तुमच्यात नवीन गाडीची पूजा करतात तशी केली वाटतं. छान केलंत."

मग मी भाषण केलं. मला भाषण करता येत नाही, पण थांबवताही येत नाही. मी म्हणालो, की आजच्या जगात लोक एक जुनी खुर्ची देत नाहीत, पण या बाईंनी मोठ्या मनाने आपल्या आईचा पियानो आमच्या हाती दिला. टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या.

मग रेवाने वाजवलं. शिकवलेली धून तिने न चुकता वाजवली. पियानोचा आवाज सगळ्या खोलीत भरून राहिला. मी नीलिमाकडे पाहिलं. तिचाही चेहरा थोडा निवळला होता. मला वाटलं, केरळ वसूल झालं.

"छान वाजवते हो तुमची नात," बाई म्हणाल्या. "म्हणजे ट्रायलही झाली."

मग त्या उभ्या राहिल्या. वर्गात उभं राहावं तशा. खोली आपोआप शांत झाली.

"मला भाषण येत नाही," त्या म्हणाल्या, आणि भाषण उत्तम केलं. "माझ्या आईने या पियानोवर मला शिकवलं. एस्तेरला शिकायचं होतं, पण तो बंद पडला होता. अनेकांनी सांगितलं, भंगारात द्या. मग अपर्णाने बोराडेंना पाठवलं. या माणसाने माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. कित्येक महिने राबून परक्या मुलीसाठी पियानो नीट करून दिला. एस्तेर, आजोबांच्या पाया पड. आता आम्ही तुमचा जास्त वेळ घेत नाही. बाहेर टेम्पो उभा आहे."

टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या एकेक करून थांबल्या.

एस्तेर माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो तिथेच राहिला.

"टेम्पो कशाला?" मी विचारलं.

"न्यायला."

"कुणाला?"

"पियानोला," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोन माणसं द्याल ना उचलायला?"

दत्तू माझ्या कानाशी आला. "दादा, हे काय चाललंय? परत उचलायचं का काय?"

मी त्या क्षणी काय करायचं ठरवलं माहिती आहे? काही झालंच नाही असं दाखवायचं. मी म्हणालो, "हो हो, तयारच आहे. घेऊन जा." एवढं बोलून मी सुटलोही असतो. पण एस्तेर पियानोपाशी गेली होती. स्टुलावर बसली, हार बाजूला केला आणि शाळेत धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात तिने पितळी पट्टी वाचली.

"चिरंजीव रेवा हिस, आजोबांकडून सप्रेम भेट."



बाईंनी चष्मा सारखा केला, वाकून स्वतः वाचलं, आणि सरळ झाल्या. "बोराडे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला नक्की काय वाटलं होतं?"

माझे मित्र, भाऊ, शेजारी, सगळे समोर. मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. कधी बांधले ते कळलं नाही.

"मला वाटलं, तुम्ही दिलात."

"मी? आईचा पियानो?"

"मॅडम म्हणाल्या, मार्गी लावायचाय."

अपर्णा मॅडमनी कपाळाला हात लावला. "काका, दुरुस्त करून मार्गी लावायचा होता हो. मी लहान मुलगी म्हणाले ती एस्तेर."

"आणि मी घ्याल काय विचारलं तेव्हा?" बाई म्हणाल्या.

"मी चहा म्हणालो."

बाई खुर्चीत बसल्या. आधी मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. खांदे हलत होते. मग लक्षात आलं, त्या हसत होत्या. तोंडावर पदर धरून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी. मग नीलिमा हसायला लागली, आणि एकदा ती लागल्यावर कोणाला थांबवणार? यासीनभाई तेवढे नव्हते, नाही तर तेही आयुष्यात एकदा हसले असते.

हसणं ओसरल्यावर बाई गंभीर झाल्या. झालेला सगळा खर्च देते म्हणाल्या, हप्त्याने का होईना. मी नाही म्हणालो. त्या हट्टाला पेटल्या, मीही पेटलो. माझ्याकडे त्या वेळी अब्रू म्हणून तेवढंच शिल्लक होतं. शेवटी नीलिमाने तोडगा काढला. पियानो बाईंचा, बाईंकडेच जाईल. रेवाने आठवड्यातून दोनदा शरणपूरला जाऊन त्यावर वाजवायचं, आणि बाईंनी दोघींना शिकवायचं. बाईंना हे लगेच पटलं. पट्टी मी काढायला निघालो, तर त्यांनी हात धरला. "राहू द्या. देणाऱ्याचं नाव असावं."

तो पियानो त्याच दुपारी गेला. दाराची जाळी पुन्हा काढली. उचलताना दत्तूचा चेहरा पुन्हा लाल झाला. टेम्पो निघाल्यावर रेवा रडेल म्हणून आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो. ती पेढा खात होती. किती समजूतदार पोर, मी मनात म्हणालो.

हॉलमध्ये सोफा परत आला. पुढे नीलिमा तिच्या बहिणीबरोबर केरळला जाऊन आली, बहिणीच्या खर्चाने. मला फोटो दाखवले. होडी, कैरी, सगळं होतं.

आता मी आठवड्यातून दोनदा रेवाला शरणपूरला नेतो. दोघी आत वाजवतात, मी व्हरांड्यात बसतो. आतून बाईंचा आवाज येतो, "मनगट खाली," आणि मी माझंही मनगट खाली घेतो. दोघींची चांगली गट्टी जमली आहे. एकदा वाजवणं झालं की शेवंतीच्या कुंड्यांमागे लपाछपी चालते. पियानोचा सूर अजून जागेवर आहे, लाकूड जिवंत आहे. कोणी घरी आलं की बाई माझ्याकडे हात करून सांगतात, "हे आमचे बोराडे." मीही मान उभी हलवतो. एवढं काही वाईट नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

परवा परतीच्या वाटेवर सिग्नलला थांबलो होतो. रेवा मागून म्हणाली, "आजोबा, एस्तेर म्हणत होती की तुझे आजोबा किती भारी आहेत, एवढं करून काही मागत पण नाहीत."

मला बरं वाटलं. "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, मागत नाहीत असं नाही. ते विचारतच नाहीत. कोणालाच. काहीच."

शिकायचं म्हटलं तर माणूस या वयातही शिकू शकतो. म्हणून म्हणालो, "बरं, आता विचारतो. तुला पियानो हवा होता ना?"

"नाही," ती म्हणाली. "मला कीबोर्डच आवडतो. त्यात कुत्र्याचा आवाज येतो."